रेमिंग्टन ८७० चा फोरएंड बदलताना: न सुटणाऱ्या नटाचं काय करायचं

रेमिंग्टन ८७० ही १९५० पासून बनत आलेली पंप-ॲक्शन बंदूक. नळीखालची जी मूठ पुढे-मागे ओढायची, तो फोरएंड. लाकडाचा काढून सिंथेटिक बसवणं हे या बंदुकीवरचं सगळ्यात नेहमीचं काम, आणि त्यातली एकच गोष्ट अडते: पुढच्या टोकाला बसलेला गोल नट. बाकी सगळं दहा मिनिटांत उरकतं, नट मात्र कधी कधी अख्खी संध्याकाळ खातो.

अमेरिकेत आपल्या बाराबोरवर हे घरच्या टेबलावर सर्रास होतं. भारतात बंदूकदुरुस्तीच्या धंद्याला आर्म्स ॲक्ट १९५९ खाली परवाना लागतो, त्यामुळे तिथे काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्यावं.

आधी रचना समजून घ्या, म्हणजे जोर कुठे लावायचा आणि कुठे नाही ते कळेल. फोरएंडच्या पोटात एक पोलादी नळकांडं असतं. त्याच्या मागच्या टोकाला दोन लांब पट्ट्या जोडलेल्या असतात. या ॲक्शन बार, आणि त्याच बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या पोलादी ठोकळ्याला, मागे-पुढे नेतात. नळकांड्याच्या पुढच्या टोकाला आटे असतात. त्यावर नट बसतो आणि फोरएंड दाबून धरतो. नटाला समोरासमोर दोन खाचा असतात, पाना त्यातच अडकवायचा. आटे साधे उजवे, म्हणजे समोरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने सुटतात. घाईत उलटा पिळून नट आणखी घट्ट करणारे कमी नाहीत.

बंदूक उघडणे

काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. सेफ्टी लावा, फोरएंड मागे ओढून ॲक्शन उघडा, चेंबर (नळीचं मागचं टोक, जिथे काडतूस बसतं) आणि मॅगझिन (नळीखालची काडतुसं भरायची नळी) डोळ्यांनी तपासा, मग बोट घालूनही तपासा. फोरएंड अर्ध्यावर आणा, मॅगझिनचं टोपण फिरवून काढा आणि नळी पुढे ओढून घ्या. मॅगझिनच्या तोंडातली स्प्रिंग अडवणारी टोपी तशीच राहू द्या, तिला हात लावायचं कारण नाही.

आता बंदूक उलटी धरून काडतुसं भरायच्या तोंडातून बोट घाला. डाव्या बाजूचा शेल लॅच (मॅगझिनमधली काडतुसं अडवणारी पोलादी पट्टी) दाबून धरा आणि फोरएंड पुढे सरकवत बाहेर काढा. बोल्ट आणि त्याखालची स्लाइड ॲक्शन बारवर नुसती टेकलेली असतात, जोडलेली नसतात. दुसरा हात खाली धरला नाही तर दोन्ही फरशीवर.

नट

अडकण्याची कारणं तीन. दमट हवेत लाकूड फुगून नटाला आतून रेटतं. आट्यांत गंज धरतो. एक्स्प्रेस मॉडेलच्या खरखरीत मॅट फिनिशवर तो लवकर येतो. आणि वर्षानुवर्षांचं तेल सुकून वार्निशसारखं चिकटतं.

नळकांडं उभं धरा, नट वर. नट आणि नळकांड्याच्या मधल्या फटीत क्रोइल किंवा पीबी ब्लास्टर या गंज सोडवणाऱ्या तेलाचे तीन-चार थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. जास्त ओतू नका. जुनं लाकूड परत वापरायचं असेल तर तेल कापल्या टोकातून आत शिरतं आणि लाकूड मऊ पाडतं. सकाळी हेअर ड्रायरने नट पाच-दहा मिनिटं तापवा. ब्लोलॅम्प नको, फिनिश उडतं आणि लाकूड काळं पडतं.

पाना विकत मिळतो. नसेल तर बंदुकीपासून सुटं केलेलं नळकांडं पोकळ असल्याने एक सपाट पोलादी पट्टी दोन्ही खाचांत आडवी बसते. व्हर्नियरने खाचांमधलं अंतर आणि खाचेची रुंदी मोजा, पट्टी कानसीने घासून घट्ट बसवा. ढिली पट्टी खाचेची कड गोल करते, आणि एकदा कड गोल झाली की नट बदलावाच लागतो.

पकड कुठे घ्यायची, यावर सगळं अवलंबून आहे. ॲक्शन बारची लांब टोकं वाइसमध्ये धरून नट पिळला की बार वाकतात, आणि वाकलेला बार रिसीव्हरमध्ये, म्हणजे बंदुकीच्या मधल्या धातूच्या खोक्यात, खरवडत चालतो. दोन बारच्या मधे बरोबर बसेल असा लाकडाचा ठोकळा घाला, नळकांड्याला अगदी चिकटून, आणि तेवढ्याच जागी चामड्याच्या तुकड्यांमधून वाइस हलकेच आवळा. मग पट्टी एका दमात न पिळता हिसके द्या. नट न हलल्यास पितळी पंच खाचेच्या कडेला तिरका टेकवून हलक्या हातोडीने ठोका, दोन्ही खाचांवर आळीपाळीने. कुठल्याशा ठोक्याला आवाज बदलतो, टणक 'टक्'चा पोकळ 'टुक्' होतो. तिथे नट सुटला.

तरीही हटत नसेल आणि जुना फोरएंड टाकायचाच असेल, तर लाकूडच कापा. करवतीने लांबीत दोन रेघा पाडा, पोलादाच्या जरा अलीकडे थांबा, उरलेलं पटाशीने फोडा. लाकडाचा रेटा गेला की मघाचा हट्टी नट बहुतेक वेळा हाताने फिरतो. दिसायला रानटी आहे, पण नळकांडं वाकवण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

नवीन बसवणे

८७० ची नळकांडी सगळी एका लांबीची नसतात. जुनं मोजल्याशिवाय नवा फोरएंड मागवू नका. आखूड नळकांड्यावर लांब फोरएंड चढवला तर नट आट्यांपर्यंत पोचतच नाही. वीस बोरचा फोरएंड सहसा बाराबोरवर बसत नाही.

आटे पितळी ब्रशने साफ करा, तेलाचा हात फिरवा, नट बसवा. फोरएंड हलणार नाही इतपतच आवळा. सिंथेटिक जास्त आवळलं तर चिरतं.

परत घालताना स्लाइड बारच्या खाचांत, तिच्यावर बोल्ट. कॅरिअर (काडतूस वर उचलणारी पट्टी) वर दाबून बार आत सरकवा. पहिल्यांदा अडेल तिथे उजवा लॅच दाबा, पुढे पुन्हा अडेल तिथे डावा. जबरदस्तीने रेटू नका, लॅच रिसीव्हरच्या आत ठोकून बसवलेले असतात आणि सैल झाले की काडतुसं अडकू लागतात. नळी आणि टोपण लावा. फोरएंड पूर्ण मागे ओढल्यावर रिसीव्हरवर आपटत नाही ना, पाहा. मग डमी काडतुसं घालून दहा-बारा वेळा पंप करा. प्रत्येक वेळी एकच वर आलं पाहिजे आणि बाहेर पडलं पाहिजे.