टॅरोची कोर्ट कार्ड्स आकाशात कशी बसवावीत

टॅरो या भविष्य पाहण्याच्या पत्त्यांतल्या सोळा कोर्ट कार्डांना (चार रंगांतले प्रत्येकी पेज, नाइट, क्वीन आणि किंग) ग्रीक देवता जोडून देणाऱ्या याद्या भरपूर मिळतात आणि त्यांतल्या बहुतेक नुसत्या चित्राच्या भावावरून केलेल्या असतात. क्वीन ऑफ कप्स हळवी दिसते म्हणून प्रेमदेवता ॲफ्रोडाइटी, किंग ऑफ स्वोर्ड्स करारी दिसतो म्हणून देवांचा राजा झ्यूस. ही रीत मी साफ चुकीची मानते, कारण उद्या त्याच चित्राला दुसरी देवताही तितकीच शोभेल. आधी कार्डाची राशिचक्रातली जागा अंशांत ठरवावी, त्या जागेमागे कोणते तारे आहेत ते पाहावे आणि मगच त्या ताऱ्यांची कथा घ्यावी. त्यासाठी १८८८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या संस्थेची पद्धत वापरावी. १९०९ चा रायडर-वेट हा टॅरोचा संच तयार करणारे ए. ई. वेट आणि चित्रकार पामेला कोलमन स्मिथ हे दोघेही याच संस्थेत होते.

चार पेज बाजूला ठेवा. या पद्धतीत त्यांना रास नसते, उत्तर ध्रुवाभोवतीच्या आकाशाचा एकेक चतुर्थांश असतो.

उरलेल्या बारा कार्डांना त्यांच्या रंगाप्रमाणे तत्त्वे द्या: वाँड्सना अग्नी, कप्सना जल, स्वोर्ड्सना वायू, पेंटाकल्सना पृथ्वी. चारही राण्या आपापल्या तत्त्वाच्या चर राशीत जातात, म्हणजे मेष, कर्क, तूळ आणि मकर.

आता राजा आणि नाइट यांचा प्रश्न येतो आणि बहुतेकांचे काम इथेच बिघडते. गोल्डन डॉनच्या टिपणांत घोड्यावरच्या स्वाराला राजा म्हटले आहे आणि रथात बसलेल्याला राजपुत्र. स्वाराला द्विस्वभाव राशी (मिथुन, कन्या, धनु, मीन) दिल्या आहेत आणि रथातल्याला स्थिर (वृषभ, सिंह, वृश्चिक, कुंभ). रायडर-वेट संचात मात्र राजा सिंहासनावर बसतो आणि घोड्यावर नाइट असतो. त्यामुळे काही लेखक ‘राजा’ हे नाव धरून सिंहासनावरच्याला द्विस्वभाव राशी देतात, तर काही चित्र पाहून त्या नाइटला देतात, आणि आपण कोणता निकष लावला हे दोघेही सहसा सांगत नाहीत.

सुरुवातीला मी राजांच्या राशी एका तक्त्यातून उतरवल्या आणि नाइटांच्या दुसऱ्यातून. माझ्या वहीत किंग ऑफ स्वोर्ड्स आणि नाइट ऑफ स्वोर्ड्स दोघेही मिथुनेत बसले आणि कुंभ रिकामी राहिली, तरी कित्येक महिने ते माझ्या लक्षात आले नाही. म्हणून माझे ठाम सांगणे असे की, नाव पाहू नका, घोडा पाहा. घोड्यावरचा तो द्विस्वभाव आणि सिंहासनावरचा राजा तो स्थिर. गूढवादी लेखक ॲलिस्टर क्रौलीच्या थॉथ या टॅरो संचातही घोडेस्वार द्विस्वभाव राशींतच आहे, त्यामुळे दोन्ही संच एकाच तक्त्यावर चालतात. शेवटी बारा राशी मोजून पाहा. एखादी रिकामी राहिली असेल, तर चूक याच टप्प्यावर झालेली असते.

यानंतर प्रत्येक कार्ड दहा अंश मागे सरकवा: ते आधीच्या राशीच्या विसाव्या अंशावर सुरू होते आणि स्वतःच्या राशीच्या विसाव्या अंशावर संपते.

हे अंश सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेले, धरावेत. संस्थेच्या मूळ टिपणात सिंहेचा आरंभ मघा ताऱ्यापाशी धरला आहे, पण पुढे सायन गणनाच रूढ झाली. आपली बहुतेक पंचांगे निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या आधाराने मोजणारी, असतात आणि दोहोंत आज सुमारे २४ अंशांचे अंतर आहे, तेव्हा पंचांगातली रास जशीच्या तशी उचलू नये. हेच अंतर कथेसाठी मात्र मोलाचे ठरते, कारण सायन रास एक गोष्ट सांगते आणि तिच्यामागचे तारे दुसरी.

नाइट ऑफ कप्स घ्या. त्याची जागा कुंभेच्या विसाव्या अंशापासून मीनेच्या विसाव्या अंशापर्यंत आहे, म्हणजे सूर्य तिथे साधारण ९ फेब्रुवारी ते १० मार्च या काळात असतो. त्याच्या अंगरख्यावर मासे आहेत. ती मीन रास आणि तिची कथा टायफॉन या राक्षसाला भिऊन मासे होऊन पळालेल्या ॲफ्रोडाइटी आणि इरॉस यांची. पण त्या अंशांमागे प्रत्यक्षात बहुतांश कुंभ तारकासमूह आहे आणि कुंभ म्हणजे गॅनिमिड, झ्यूसने ऑलिंपसवर नेलेला ट्रॉयचा राजपुत्र, जो तिथे देवांचे चषक भरत असे. नाइटने पुढे धरलेला पेला इथे नेमका जुळतो. शिरस्त्राणावरचे आणि टाचांवरचे पंख पाहून देवांचा दूत हर्मीस याच्यावर थांबणाऱ्यांच्या हाती हे कधीच लागत नाही.

क्वीन ऑफ स्वोर्ड्सचेही तसेच आहे. तिची रास तूळ, म्हणजे तराजू; पण तिच्यामागे मुख्यतः कन्येचे तारे आहेत आणि ती कन्या म्हणजे माणसांच्या अन्यायाला विटून पृथ्वी सोडून गेलेली न्यायदेवता ॲस्ट्रीया. कन्येतलाच चित्रा तारा मात्र तिला देऊ नका. तो सायन तुळेच्या चोविसाव्या अंशाच्या आसपास आहे, म्हणून तो वाटा किंग ऑफ कप्सचा.

तारे प्रत्यक्ष पाहायचे असतील, तर कार्डाच्या तारखांना पाहू नका. तेव्हा ते सूर्याबरोबर उगवतात आणि मावळतात. कुंभ ऑक्टोबरमध्ये, पावसाळी ढग सरल्यावर, रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे शोधावा. त्यातले तारे मंद आहेत, त्यामुळे गावाबाहेरचे अंधारे आकाश लागेल.