अमेरिकेत ॲग्रीचं एमएस करताय? मग टर्फ क्लब जॉइन करा, कसं ते सांगतो

बीएस्सी ॲग्री करून इकडे येणाऱ्या ज्युनियर्ससाठी लिहितोय. पेन स्टेट, पर्ड्यू, मिशिगन स्टेट अशा युनिव्हर्सिटीत टर्फग्रास म्हणजे गोल्फ कोर्स आणि मैदानांवरचं गवत हा वेगळा विषय आहे आणि त्याच्या पोरांचा क्लबही असतो. गोल्फ खेळता येत नाही म्हणून लाजू नका, तिथे खेळाडू नाही तर गवत सांभाळणारे लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पहिली मीटिंग होते, तिला जा, आणि त्याआधी क्लबच्या ॲडव्हायझर प्रोफेसरांना दोन ओळींचा मेल टाका की मी ॲग्रॉनॉमीचा आहे, शिकायचंय.

मग खरं काम म्हणजे टर्फ बाऊलची तयारी. जीसीएसएए ही गोल्फ कोर्स सुपरिंटेंडंट्सची संघटना आहे, तिच्या वार्षिक कॉन्फरन्समध्ये ही कॉलेजांची स्पर्धा होते, चार जणांपर्यंत टीम. त्यात गवतं ओळखावी लागतात आणि इथेच सगळे अडकतात. फोटो बघून पाठ करू नका राव, प्लॉटवर जाऊन गवत उपटा. एक कोंब घ्या, नखाने आडवा कापा आणि भिंगातून बघा की आतलं कोवळं पान गुंडाळलेलं आहे की मधोमध घडी घातलेलं. घडी असेल आणि पानाचं टोक होडीच्या नाळेसारखं असेल तर केंटकी ब्लूग्रास. घडीच आहे पण पानाची मागची बाजू चकाकते आणि बुडाशी लालसर झाक आहे तर पेरेनियल रायग्रास. गुंडाळलेलं, रुंद, खरखरीत असेल तर टॉल फेस्क्यू बघा. आणि पान जिथे खोडाला चिकटतं तिथे वरच्या गवतांसारख्या पातळ पडद्याऐवजी केसांची झालर दिसली, वर जमिनीसरशी पळणाऱ्या फांद्या असल्या, तर नीट बघा, ती बर्मुडा असेल म्हणजे आपली हरळीच! जी उपटून उपटून आपल्या घरच्यांची कंबर मोडली ती इथे दक्षिणेकडच्या राज्यांत मुद्दाम लावतात, मला तर ती पहिल्यांदा हातात आल्यावर गाव आठवलं.

गणितं पण येतात, सगळी पौंड आणि 1000 चौरस फुटांत. घाबरू नका, आपला गुंठा 1089 चौरस फूट, म्हणजे जवळजवळ तेवढाच. 1000 चौरस फुटांना 1 पौंड नायट्रोजन द्यायचा तर 46 टक्क्यांचा युरिया किती? 1 भागिले 0.46, म्हणजे 2.17 पौंड, साधारण एक किलो. मनात गुंठ्याला किलो असं धरलं की उत्तर चुकलंय का ते लगेच कळतं.

स्टिम्पमीटर, म्हणजे ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) बॉल किती पळतो ते मोजायचं साधन, स्वतः वापरून बघा. ती 36 इंच लांबीची, मधे खाच असलेली पट्टी, बॉल वरच्या खोबणीत ठेवून एक टोक हळूहळू उचलायचं, साधारण 20 अंशांना बॉल आपोआप सुटतो, ढकलायचा नाही. तीन बॉल एका दिशेला, तेच तीन उलट दिशेला, ते किती लांब गेले त्याची दोन्हीकडची सरासरी फुटांत म्हणजे ग्रीनचा स्पीड.

क्लबमधून टुर्नामेंटला व्हॉलंटियर म्हणून जाता येतं, पहाटे अंधारात बंकर म्हणजे वाळूचे खड्डे रेक करायचे, डिव्हट म्हणजे फटक्याने गवत उखडून पडलेले खड्डे भरायचे. नक्की जा, सुपरिंटेंडंटशी ओळख तिथेच होते आणि समर इंटर्नशिप बहुतेक वेळा अशा ओळखीतूनच मिळते. फक्त एफ-1 म्हणजे स्टुडंट व्हिसावर असाल तर पगाराच्या इंटर्नशिपला सीपीटी (कोर्सचा भाग म्हणून काम करायची परवानगी) लागतं आणि त्यासाठी साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं असावं लागतं, त्यामुळे हो म्हणायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, व्हॉलंटियरिंगचंही विचारूनच ठेवा.