बीपीसाठी प्राणायाम करताय? या चुका टाळा

सकाळी अजिंक्यताऱ्यावर एक प्रकार हमखास बघायला मिळतो. चढ चढून धापा टाकत आलेली मंडळी जरा टेकतात आणि लगेच जोरजोरात कपालभाती सुरू करतात. धडधाकट माणसाला चालून जाईल, पण बीपी वाढलेल्याने हे करू नये. कपालभाती आणि भस्त्रिकेत झटके देऊन श्वास चालतो, त्या वेळेपुरते ठोके आणि दाब दोन्ही वाढू शकतात. श्वास कोंडून धरणंही नको. बीपी आटोक्यात नसेल तर हे तिन्ही प्रकार बाजूला ठेवा, शेजारचे काका कितीही आग्रह करोत.

बीपीला उपयोग होतो तो संथपणाचा. एरवी आपण मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतो. हा वेग सहाच्या आसपास आणला की मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांमधली दाब ओळखणारी यंत्रणा जास्त चोख काम करते, ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात. म्हणून नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. दहा-पंधरा मिनिटं, रोज. सहा आकडे जमत नसतील तर तीन मोजत घ्या, चार मोजत सोडा, असं सुरू करा. आकडा गाठायच्या नादात जीव घुसमटला तर सगळंच फुकट. साधा अनुलोम-विलोम किंवा भ्रामरी केली तरी चालेल, फक्त कुंभक, म्हणजे मध्ये श्वास रोखून धरणं, नको.

चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात? मग तुम्ही सावकाश नाही, नुसता भरपूर श्वास घेताय. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या आणि पुढच्या वेळी छाती फुगवू नका. पोटावर हात ठेवा, तो अलगद वरखाली झाला की पुरे.

नाक चोंदलं असेल तर त्या दिवशी नाकपुडी दाबण्याचा हट्ट सोडा.

प्राणायाम झाल्या झाल्या बीपी मशीनचा पट्टा बांधून ‘बघा, उतरलं!’ म्हणण्यातही अर्थ नाही, तो आकडा तेवढ्यापुरताच असतो. रोज ठरलेल्या वेळी मोजा. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला. पट्टा शर्टाच्या बाहीवरून बांधू नका. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि वहीत लिहा.

ही वही डॉक्टरांना दाखवा, कारण सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मनानेच गोळी बंद करणं. श्वासाने वरचा आकडा उतरला तरी साधारण थोडाच उतरतो. गोळीचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. आणि संध्याकाळी भडंगावर लोणच्याचा खार ओतून सकाळी भ्रामरी करण्यात तर काहीच हशील नाही.

बीपी 180/120 च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलताना जीभ अडखळणं यांपैकी काही असेल, तर श्वास मोजत बसू नका. 108 ला फोन करा.