रूममेट गोळ्यांवर जगतोय असं वाटलं तर

मेडिकलच्या मुलांना औषधाचा डोस पाठ असतो, आणि घोळ तिथेच होतो: ‘माझं मी सांभाळतो.’ उशीखाली अल्प्राझोलमच्या (चिंता कमी करणारी, सवय लागू शकणारी गोळी) रिकाम्या पट्ट्या सापडल्या तर तो नशेत नसताना, एकांतात विचारा: रोज किती, कधीपासून, सोबत दारू घेतोस का? मानसोपचारतज्ज्ञ आधी हेच विचारतात.

उरलेल्या गोळ्या रागाने फेकू मात्र नका. महिनोन्‌महिने रोज घेतलेली ही गोळी एकदम तोडली तर फिट येऊ शकते. डोस डॉक्टरच हळूहळू, आठवड्यांच्या हिशेबाने उतरवतात.

हलवूनही उठत नसेल, श्वास मंद किंवा घरघरता असेल, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नका. रुग्णवाहिका बोलवा, कुशीवर वळवा, श्वासावर लक्ष ठेवा. रिकामी पट्टी सोबत द्या.