मॅडमच्या नावाने स्कॉलरशिप सुरू करायचीय? मग आधी हे वाचा

ज्यांनी आपल्याला सायन्स शिकवलं, लॅबमध्ये उभं केलं त्या मॅडम गेल्या की दोन दिवसांत व्हॉट्सअॅप ग्रुप तयार होतो, जुने फोटो पडतात, आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी लिहितंच, "मॅडमच्या नावाने काहीतरी करूया ना." सगळे अंगठे दाखवतात आणि पुढे वर्षभर पान हलत नाही. आमचं अगदी असंच झालं होतं. नंतर जे झालं तेही बरंच चुकतमाकत झालं, म्हणून म्हटलं लिहून ठेवावं, निदान तुमच्या तरी त्याच चुका नकोत.

तर पहिलं काम पैशाचं नाहीये. एक कागद घ्या आणि मॅडम विद्यार्थ्यांसाठी नेमकं काय करायच्या ते लिहून काढा. "खूप प्रेरणा दिली" वगैरे नको, ते श्रद्धांजलीत ठीक आहे. आमच्या मॅडम काय करायच्या, तर परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख आली की ऑफिसच्या खिडकीपाशी जाऊन क्लार्कला विचारायच्या, आमच्यातलं कोण राहिलंय, आणि पर्समधून पैसे काढून तिथल्या तिथे भरून टाकायच्या, परत कधी विषयसुद्धा काढायच्या नाहीत. दुसरं म्हणजे रविवारी सकाळी लॅब उघडून बसायच्या, ज्या मुलींना आठवडाभर घरचं बघावं लागायचं त्यांच्यासाठी. एवढ्या दोन गोष्टींतून आमच्या स्कॉलरशिपचे निम्मे नियम निघाले. पैसे फॉर्म भरायच्या वेळी हातात पडले पाहिजेत आणि पैशासोबत कोणाचा तरी वेळही मिळाला पाहिजे. बाकी सगळं मग ह्याच्या भोवती.

तुम्ही ओळखीच्या मॅडमऐवजी एखाद्या मोठ्या शास्त्रज्ञ बाईंच्या नावाने करत असाल तरी हेच करा. समजा डॉ. कमल रणदिवे. कॅन्सरवरचं संशोधन, मुंबईत टिश्यू कल्चरची, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवून अभ्यासायची, लॅब उभी केली, पद्मभूषण मिळालं, हे सगळं आहेच, पण १९७३ मध्ये त्यांनी पुढाकार घेऊन स्त्री शास्त्रज्ञांची संघटना काढली, म्हणजे स्वतः वर गेल्यावर शिडी काढून घेतली नाही. मग त्यांच्या नावाची स्कॉलरशिप म्हणजे नुसता टॉपरला चेक असं करून कसं चालेल? आणि हो, नाव कोणाचंही असो, घरच्यांना विचारा. मुलगा-मुलगी, भाऊ, जे असतील त्यांच्याकडून नाव आणि फोटो वापरायची परवानगी लेखी घ्या, साधं ईमेल चालतं.

आता पैसे. दोन प्रकार आहेत, एक म्हणजे दरवर्षी वर्गणी काढून वाटायची आणि दुसरा म्हणजे एकदाच मोठी रक्कम जमवून तिची एफडी करायची आणि व्याजावर चालवायचं. वर्गणीचं पहिल्या दोन वर्षांत जोरात असतं, तिसऱ्या वर्षी ग्रुपवर आठवण करून करून तुमचाच जीव जातो, त्यामुळे माझं मत एफडीला. पण हिशोब नीट करा. ५ लाख जमले आणि व्याज ७ टक्के धरलं तर वर्षाला ३५,००० येतात. लोक खुश होऊन सगळे ३५,००० वाटायचं ठरवतात आणि इथेच गडबड होते, कारण महागाई ६ टक्के धरली तर २० वर्षांनी त्याच ३५,००० ची किंमत आजच्या ११,००० एवढीसुद्धा राहत नाही. जुन्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ती "कै. अमुक स्मृती पारितोषिक रु. ५१" असली पाटी बघितली असेल ना, ती अशीच तयार होते. देताना ते ५१ रुपये मोठे होते हो! म्हणून २५,००० द्या, १०,००० मुद्दलात परत टाका. १० वर्षांत मुद्दल ६ लाखांच्या वर जातं आणि स्कॉलरशिप वाढवता येते. व्याजदर खाली गेला तर काय करायचं तेही आत्ताच लिहून ठेवा.

हे पैसे ठेवायचे कुठे? स्वतःचा ट्रस्ट काढायचा सगळ्यांना मोह होतो. काढू नका, निदान लगेच नको. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, मग पॅन, इन्कम टॅक्सची वेगळी नोंदणी, दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, एवढं सगळं ५ लाखांच्या एफडीसाठी म्हणजे मुंगी मारायला तोफ. त्यापेक्षा मॅडम जिथे शिकवायच्या ते कॉलेज, विद्यापीठ किंवा आधीपासून चालू असलेली एखादी चांगली संस्था बघा आणि त्यांच्याशी लेखी करार करा. करारात चार गोष्टी हव्यातच: मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज फक्त ह्याच कामासाठी, वर्षातून एकदा हिशोब तुम्हाला मिळणार, आणि कोर्स किंवा विभाग बंद पडला तर पैशाचं काय करायचं. शेवटचं कलम लिहिताना सगळ्यांना अशुभ बोलल्यासारखं वाटतं पण तेच लागतं. मॅडमचा विषय वीस वर्षांनी शिकवला जाईलच असं कुठे आहे.

देणगीदार लगेच विचारतील, ८०जी, म्हणजे देणगीवरची इन्कम टॅक्सची सूट, मिळेल का. संस्थेकडे ती नोंदणी असेल तर मिळते, पण जुनी करपद्धत निवडणाऱ्यांनाच तिचा उपयोग, आणि २,००० च्या वर रोख दिलं तर सूट नाही, म्हणून सगळ्यांना सांगा ट्रान्सफरच करा. स्वतःच्या सेव्हिंग अकाउंटला जमा करून घेऊ नका, कितीही विश्वास असला तरी. आता परदेशातले मित्र. जो बाहेर राहतो पण पासपोर्ट भारताचाच आहे, तो आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्याचे पैसे विदेशी देणगीच, मग तो कितीही आपला असो, आणि संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर घेताच येत नाहीत. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात मोठी रक्कम कबूल केलेला मित्र नेमका ह्यातच अडकला, म्हणून आकडा जाहीर करण्याआधी हे विचारून घ्या, आणि सीएला एकदा सगळं दाखवा.

आता पात्रता, आणि ह्यावर जरा थांबते कारण चांगल्या चांगल्या स्कॉलरशिप इथे वाया जातात. अॅना मणी माहिती असतील, हवामानशास्त्रातलं मोठं नाव, त्यांनी बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या लॅबमध्ये हिरे आणि माणकांवर काम केलं, पाच पेपर लिहिले, पीएचडीचा प्रबंध दिला, आणि एमएससी नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने डिग्री नाकारली. काम समोर होतं, पण रकान्यात बसत नव्हतं. बायोकेमिस्ट कमला सोहोनींचं त्याच्याही आधीचं, १९३३ चं. मुंबई विद्यापीठातून पहिल्या येऊन बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला तर तिथले संचालक रामन नाही म्हणाले, कारण एकच, बाई. त्या हटल्या नाहीत तेव्हा एक वर्ष चाचणीसाठी म्हणून ठेवून घेतलं. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी. तर तुमच्या फॉर्ममध्ये "दहावीपासून सलग ७५ टक्के", "शिक्षणात खंड नसावा", "वय २२ च्या आत" असलं काही आपसूक आलंय का बघा, आणि प्रत्येक अटीपुढे स्वतःला विचारा, ही कशासाठी? लग्नानंतर चार वर्षांनी एमएससीला परत आलेली मुलगी "खंड नसावा" ह्या दोन शब्दांत बाहेर जाते. मार्कांची अट ठेवाच पण खालची ठेवा, आणि उरलेलं दोन प्रश्नांवर सोडा: सध्या काय शिकतेयस किंवा करून बघतेयस, आणि हे पैसे कशाला वापरशील. उत्तर मराठीत चालेल असं ठळक लिहा. दुसरी स्कॉलरशिप चालू असेल तरी अर्ज करता येईल का हेही स्पष्ट लिहा, नाहीतर महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपच्या पोर्टलवर, अर्ज केलेल्या मुली घाबरून फॉर्मच भरत नाहीत.

आमचा पहिल्या वर्षीचा फॉर्म सहा पानांचा होता. उत्पन्नाचा दाखला, दोन शिफारसपत्रं, ५०० शब्दांचा निबंध, साक्षांकित प्रती आणि शेवटची तारीख सेमिस्टर परीक्षेच्या आठवड्यात! अर्ज आले चार. त्यातले दोन प्राध्यापकांच्या ओळखीतले. दुसऱ्या वर्षी एक पान केलं, कागदपत्रं फक्त निवड झालेल्यांकडून मागितली, आणि दोन जणी वर्गावर्गात जाऊन फॉर्म वाचून दाखवून आल्या, तर एकतीस आले.

निवड समिती तीन जणांची पुरे. एक कॉलेजचे, एक मॅडमचा जुना विद्यार्थी, एक पूर्ण बाहेरचा माणूस. अर्जदार नात्यातला किंवा हाताखाली प्रोजेक्ट करणारा असेल तर त्या सदस्याने त्या अर्जाला मार्क द्यायचे नाहीत. मार्क आपापले आधी लिहून आणायचे आणि मग बोलायला बसायचं, नाहीतर सगळ्यात सीनियर माणूस पहिल्यांदा बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात.

पैसे थेट मुलीच्या खात्यावर, तेही परीक्षेचा फॉर्म भरायच्या आधी. समारंभाच्या तारखेशी बांधू नका. गॅदरिंगला जानेवारीत मोठ्ठा पुठ्ठ्याचा चेक हातात देऊन फोटो काढायचा आणि फी मात्र तिने जुलैमध्येच उसनवारी करून भरलेली, ह्याला काय अर्थ आहे.

आणि वेळेचं. प्रत्येक निवडलेल्या मुलीला मॅडमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एक जण जोडून द्या, वर्षभरासाठी, महिन्यातून एक फोन. "काही लागलं तर सांग" असं म्हणून सोडू नका, कारण कोणी सांगत नाही. फोन जुन्या विद्यार्थ्याने करायचा, मुलीने नाही, आणि तारीख ठरलेली हवी. काय बोलायचं असा प्रश्न पडतो सुरुवातीला. आमची एक मुलगी तिसऱ्या फोनपर्यंत फक्त "हो ताई, ठीक चाललंय" म्हणायची, चौथ्या वेळी हळूच म्हणाली, ताई ते समर प्रोजेक्टसाठी प्रोफेसरांना ईमेल लिहायचंय, सुरुवात कशी करतात? अर्धा तास आम्ही ते चार ओळींचं ईमेल लिहीत बसलो होतो. विषयाच्या ओळीत काय लिहायचं ह्यावरच दहा मिनिटं गेली.