डिझाइन कॉलेज निवडताना यंत्राचे तास मोजा

सिरॅमिक, वस्त्र, अक्षररचना, वाहन, फॅशन अशा एकाच विषयाला वाहिलेलं डिझाइन कॉलेज निवडताना माहितीपत्रकावरून फारसं काही कळत नाही. निवडक मुलांच्या निवडक वस्तूंचे उत्तम फोटो सगळ्यांकडेच असतात. आम्ही नवीन मुलांना एकच गोष्ट मोजायला सांगतो: एका विद्यार्थ्याच्या वाट्याला आठवड्यात यंत्राचे किती तास येतात आणि शिक्षकाचे किती.

ओपन डेला, म्हणजे कॉलेज बाहेरच्यांना दाखवतात त्या दिवशी, जरूर जा, पण निर्णय त्यावर घेऊ नका. सत्राच्या मध्यावर, एखाद्या साध्या बुधवारी दुपारी, परवानगी काढून पुन्हा जा. कार्यशाळेच्या दारावरचं वेळापत्रक वाचा. वर्ग चारला सुटत असतील आणि कार्यशाळेला पाचला कुलूप लागत असेल, तर स्वतःच्या कामाला रोजचा एकच तास उरतो. यंत्राखाली ताजा भुसा, कापडाच्या चिंध्या, वापरून बोथट झालेली पाती दिसली तर चांगलं. लेझर कटरसमोर नावनोंदणीची वही असेल तर ती चाळायला मागा आणि आज नाव घातलं तर पाळी कधी येते ते बघा. टेक्निशियन किती आहेत आणि ते सुट्टीवर गेले की यंत्रं बंद राहतात का, हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी सुरक्षेच्या नियमामुळे टेक्निशियनशिवाय यंत्राला हात लावता येत नाही. मग यंत्रं दहा असली तरी माणूस एकच असल्याने काम अडतं.

हा हिशेब प्रत्यक्षात कसा बसतो ते सिरॅमिकच्या भट्टीवरून बघा. कच्चं भांडं आधी पूर्ण वाळावं लागतं. आत ओल राहिली तर पहिल्या भाजणीत वाफ होऊन ते फुटतं आणि शेजारची भांडीही घेऊन जातं. पहिली भाजणी साधारण 1000 अंश सेल्सिअसला होते. मग ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, लावून दुसरी, स्टोनवेअर म्हणजे जास्त तापमानाला भाजलेली टणक भांडी असतील तर 1200 अंशांच्या वर. भट्टी भरणं, तापवणं आणि निवू देणं धरून एका फेरीचे दोन दिवस सहज जातात. घाईने दार उघडलं तर गार हवेने भांड्यांना तडे जातात, त्यामुळे निवण्याचा वेळ कापता येत नाही. आता समजा भट्टी एक, मुलं 30 आणि ज्युरीला, म्हणजे शिक्षकांसमोर काम मांडून होणाऱ्या परीक्षणाला, तीन आठवडे उरले आहेत. एकूण दहा फेऱ्या होतात. त्यातल्या पाच पहिल्या भाजणीला गेल्या, तर ग्लेझसाठी पाच राहिल्या, म्हणजे एका फेरीत सहा मुलांचं काम. ग्लेझच्या चाचणीपट्ट्या भाजायला जागाच राहत नाही, म्हणून सगळे हमखास जमणारा एखादा पांढरा ग्लेझ धरतात. वार्षिक प्रदर्शनात ओळीने एकाच छटेची भांडी दिसली, तर ती मुलांची आवड आहे असं समजण्याआधी भट्ट्या किती आहेत ते विचारा.

वस्त्राच्या कॉलेजात हाच प्रश्न मागांचा असतो. ताणा म्हणजे उभे धागे भरायला, त्यातला प्रत्येक धागा मागाच्या वहीतून (धागे वर-खाली करणाऱ्या दोऱ्यांच्या चौकटीतून) आणि फणीतून ओवायला कित्येक तास, कधी दिवस लागतात. एक माग तिघांत वाटला तर दोघांना तिसऱ्याच्याच ताण्यावर विणावं लागतं, आणि धाग्याची घनता ठरवायला ते शिकतच नाहीत.

शिक्षकांचे तास मोजताना पूर्णवेळ आणि पाहुणे शिक्षक वेगळे लिहा. बाहेर काम करणारे पाहुणे फार मोलाचे असतात, पण प्रकल्प अडतो तेव्हा ते जागेवर नसतात. 1919 साली जर्मनीत वायमारमध्ये सुरू झालेल्या बाउहाउस या डिझाइन शाळेत कार्यशाळेला एक कलाकार आणि एक कारागीर असे दोन गुरू असत. आजही आकारावर बोलणारा आणि हातकाम जाणणारा, दोघंही त्या दुपारी कार्यशाळेत भेटले पाहिजेत. ज्युरीचंही गणित करा. 40 मुलं आणि सहा तास म्हणजे प्रत्येकाला नऊ मिनिटं. मांडणी-आवराआवर वजा केली तर बोलायला जेमतेम सहा उरतात. शक्य असेल तर मागे उभं राहून एक ज्युरी ऐका. शिक्षक नुसतं ‘आवडलं नाही’ म्हणतात, की कुठला सांधा का तुटेल ते दाखवतात, यावरून पुष्कळ कळतं.

प्लेसमेंटच्या आकड्यात दोन फसव्या जागा आहेत. ‘शंभर टक्के’ म्हणजे बहुधा नाव नोंदवलेल्यांपैकी शंभर टक्के, म्हणून त्या वर्षी एकूण किती जण पदवीधर झाले ते विचारा. दुसरी जागा सरासरीची. पाच जणांचे पगार 4, 4, 5, 5 आणि 32 असतील तर सरासरी 10 येते, पण मधला पगार 5 आहे. मध्यक मागा, आणि कामाचं पदही.

फीशिवायचा खर्च शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा: साहित्य, प्रिंट, मॉडेल, लॅपटॉप. सॉफ्टवेअरचं लायसन्स पदवीनंतर बंद होतं का आणि विद्यार्थ्याने केलेल्या डिझाइनचा हक्क कोणाचा, हे प्रवेशाच्या करारात शोधा.

आणि दुसऱ्या वर्षाच्या चार-पाच मुलांना, शिक्षक जवळ नसताना, एवढंच विचारा: कुठला प्रकल्प अर्धवट राहिला आणि का? कल्पना फसली, साहित्य हवं तसं वागलं नाही, अशी उत्तरं आली तर तिथे काम होतं. ‘मशीन मिळालं नाही’, ‘सर नव्हते’ हे दोनदा ऐकू आलं, तर दारावरचं ते वेळापत्रक पुन्हा एकदा वाचा.