जुने रायफल काडतूस ओळखताना शिक्का शेवटी वाचावा

हाताळायची ती रिकामी पुंगळीच, म्हणजे गोळी उडून गेल्यावर उरणारे पितळी नळकांडे. जिवंत काडतूस परवान्याशिवाय बाळगणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे.

पुंगळी कोरड्या मऊ कापडाने पुसावी. चिंच लावून तांब्याच्या कळशीसारखी लख्ख घासू नये, कारण प्रायमरभोवतीचा (बुडाच्या मधोमध बसवलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीभोवतीचा) रंग त्यासोबत निघून जातो. ब्रिटिश पद्धतीच्या .३०३ काडतुसात हाच रंग जांभळा असेल तर साधी गोळी, लाल असेल तर ट्रेसर (जाताना उजेडाची रेघ सोडणारी गोळी), हिरवा असेल तर चिलखतभेदी आणि निळा असेल तर आग लावणारी गोळी, असे सांगतो.

पुढे व्हर्नियर कॅलिपरने पुंगळीची लांबी, बुडाशी बाहेर आलेल्या कडेचा व्यास आणि कडेच्या लगेच वरचा व्यास मोजावा.

खरी गफलत होते ती बुडावरच्या शिक्क्यात. ‘के एफ’ म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना आणि ‘VII’ म्हणजे १९१० साली आलेला, १७४ ग्रेन वजनाच्या टोकदार गोळीचा सातवा मार्क (आवृत्ती), एवढे पाठ झाले की आपल्याला सारे कळते असे नवशिक्याला वाटते. मलाही तसेच वाटले होते. ऑस्ट्रेलियातील फुट्सक्रे कारखान्याचा ‘एम एफ’ शिक्का असलेली एक पुंगळी मी दोन वर्षे .३०३ म्हणून मांडून ठेवली होती. तिच्या तोंडात सुमारे ८ मिमीची नव्हे, तर जेमतेम साडेसहा मिमीची गोळी मावेल हे मी पाहिलेच नव्हते. लष्करी पुंगळीची मान (गोळी धरणारा तोंडाकडचा अरुंद भाग) आवळून तयार केलेले ते .३०३/२५ हे शिकारीचे काडतूस होते. शिक्का पितळ कुठे घडले ते सांगतो. त्या पितळाचे पुढे काय केले गेले ते सांगत नाही. म्हणून ‘आधी शिक्का वाचा’ हा सल्ला मला सपशेल चुकीचा वाटतो.

नावातल्या आकड्यावरही विसंबू नये. .३०३ हा नळीच्या आतला इंचातला व्यास असून गोळी प्रत्यक्षात .३११ इंचांच्या आसपास असते. शिवाय बार झाल्यावर मान फुगते, त्यामुळे तिथले माप थोडे जास्तच येते. कड मात्र सहसा बदलत नाही. .३०३ ची कड सुमारे १३.७ मिमी आणि लांबी ५६.४ मिमी भरते, तर रशियन ७.६२×५४ ची कड सुमारे १४.४ मिमी आणि लांबी ५३.७ मिमी.

नोंदवहीत मापे आधी लिहावीत, शिक्का त्याखाली उतरवावा आणि नाव पेन्सिलीने लिहावे.